कोडिंगच्या तासाला अंकगणित का गाळले जाते?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सहावी ते आठवीच्या टप्प्यावर मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले गेले आणि तेव्हापासून आपल्याकडे या विषयावर बरेच बोलले आणि लिहिले जात आहे. शाळेत संगणक आहेत का, असले तर ते चालू स्थितीत आहेत का, शिकवणारे शिक्षक कुठून आणायचे, हे प्रश्न खरेच आहेत आणि त्यांवर माझ्याहून जाणकार मंडळींनी लिहिले आहे. मला लक्ष वेधायचे आहे ते एका लहान दिसणाऱ्या गोष्टीकडे. मुले ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकतात, त्या भाषेतले साधे अंकगणित त्यांना जवळजवळ शिकवलेच जात नाही, आणि पुढे नोकरीत किंवा धंद्यात दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब याच मुलांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतात.

सध्या शाळांपासून खासगी क्लासपर्यंत पायथन या भाषेचा बोलबाला आहे आणि सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रातही तीच आहे, म्हणून उदाहरणे तिच्यातलीच घेतो. मी पाहिलेल्या बहुतेक पुस्तकांत अंकगणिताचे प्रकरण जेमतेम पानभराचे असते. त्यात सात चिन्हांचा एक तक्ता असतो: बेरीज, वजाबाकी, गुणाकारासाठी फुलीऐवजी चांदणी, भागाकाराची एक तिरपी रेघ, दुसऱ्या प्रकारच्या भागाकारासाठी दोन तिरप्या रेघा, बाकीसाठी टक्क्याचे चिन्ह आणि घातासाठी दोन चांदण्या. प्रत्येक चिन्हापुढे एक उदाहरण, त्यापुढे उत्तर, आणि पान उलटले की पुस्तक थेट ‘इफ-एल्स’वर जाते. शिक्षकही तोच वेग धरतात, कारण बेरीज-वजाबाकी पोरांना चौथीतच येते, असे आपण सगळेच गृहीत धरतो. पाटीवरचे आणि यंत्रातले अंकगणित बहुतेक वेळा सारखेच चालते हे खरे, पण जिथे ते वेगळे चालते ती ठिकाणे ठरलेली आहेत, मोजकी आहेत आणि आठवीच्या मुलाला कळतील इतकी सोपी आहेत. तीच नेमकी गाळली जातात.

पदावलीपासूनच सुरुवात करतो. आपल्या शाळांतून ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र पिढ्यान्पिढ्या पाठ करून घेतले जाते: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. ते शब्दशः घेणारे मूल १० - ४ + ३ चे उत्तर ३ काढते, कारण सूत्रात ‘बे’ आधी आहे आणि ‘व’ नंतर. खरे उत्तर ९ आहे, कारण बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या क्रिया असून त्या डावीकडून उजवीकडे करायच्या असतात. भागाकार-गुणाकाराचेही तसेच आहे, पण तिथे सूत्राप्रमाणे भागाकार आधी केला तरी वहीतले उत्तर बदलत नाही, त्यामुळे मुलाचा गैरसमज वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. पायथनमध्ये ७ * ३ // २ लिहिले की यंत्र आधी २१ करते आणि मग त्यातला पूर्ण भाग घेऊन १० हे उत्तर देते. ‘आधी भागाकार’ म्हणणारे मूल ३ // २ म्हणजे १ आणि सात एके सात असा हिशेब करते. दहा आणि सात यांत हा फरक कुठून आला, याची वर्गात दहा मिनिटे चर्चा झाली तर गणिताच्या तासाला जे साधले नाही ते संगणकाच्या तासाला साधते. जाता जाता हेही सांगावे की -३ ** २ चे उत्तर पायथन -९ देते, तर एक्सेलच्या चौकटीत तीच मांडणी केल्यास ९ मिळते. म्हणजे यंत्र सांगते म्हणून बरोबर, या वाक्याला फारसा अर्थ नाही, कुठले यंत्र आणि कोणत्या नियमाने हे विचारावेच लागते.

भागाकाराची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ७ / २ चे उत्तर ३.५ येते आणि पूर्ण भाग हवा असेल तर ७ // २ लिहून ३ मिळवावे लागतात. त्याआधी एका रेघेनेही ३ च मिळत असत, आणि सी किंवा जावा या भाषांत दोन पूर्णांकांचा भागाकार आजही तसाच होतो. विद्यार्थ्याला ६० पैकी ४५ गुण मिळाले आणि टक्केवारीसाठी कुणी सी भाषेत ४५ / ६० * १०० असे लिहिले, तर ४५ भागिले ६० चा पूर्ण भाग शून्य, शंभर गुणिले शून्य म्हणजे शून्य, आणि पोरगा शून्य टक्क्यांनी नापास. त्याच ओळीत ४५ * १०० / ६० असे लिहिले की ७५ येतात. गणिताच्या दृष्टीने दोन्ही मांडण्या एकच आहेत, यंत्राच्या दृष्टीने नाहीत. ऋण संख्यांचा प्रश्न आणखी मजेदार आहे. रविवारला ०, सोमवारला १ असे क्रमांक दिले आणि आज सोमवार असेल, तर दहा दिवसांपूर्वी कोणता वार होता हे काढण्यासाठी (१ - १०) % ७ असे लिहिता येते. पायथन याचे उत्तर ५ म्हणजे शुक्रवार असे देते आणि ते बरोबर आहे. हीच ओळ जावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिली तर -२ येते, आणि ‘उणे दोन’ नावाचा वार कुठल्याही पंचांगात सापडत नाही. कारण इतकेच की पायथन भागाकार नेहमी खालच्या पूर्णांकाकडे नेते आणि या इतर भाषा तो शून्याकडे छाटतात. त्यामुळे -७ // २ हे पायथनमध्ये -४, तर जावात -७ / २ हे -३. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी हा आपला प्राथमिक शाळेतला ताळा दोन्हीकडे जुळतो, बाकी मात्र वेगवेगळी निघते.

आता दशांश अपूर्णांकांकडे येतो, कारण खरे दुखणे तिथे आहे. पायथनमध्ये ०.१ + ०.२ लिहून पाहिले तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते असे कुणी सांगितले, की पालक हसतात आणि मुले ताबडतोब करून पाहतात. पडद्यावर ३ आणि ४ यांच्यामध्ये पंधरा शून्ये दिसतात. हा पायथनचा दोष मुळीच नाही. बहुतेक सगळ्या भाषा दशांश संख्या ज्या पद्धतीने साठवतात तिचे मानक १९८५ साली ठरले, ‘आय-ट्रिपल-ई ७५४’ या नावाने ते ओळखले जाते, आणि त्यामागच्या कामासाठी विल्यम कहान या गणितज्ञांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यात एका संख्येसाठी ६४ बिटे, म्हणजे ० किंवा १ लिहिण्याच्या ६४ जागा असतात, त्यांपैकी ५२ तिच्या अपूर्णांकी भागासाठी. यंत्र मोजते दोनाच्या पटीत, म्हणजे अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश असे तुकडे जोडून. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेल्यावर जसे ०.३३३ पुढे कधी संपत नाही, तसेच एक दशांश दोनाच्या पटीत लिहायला गेल्यावर संपत नाही, कारण दहाच्या पोटात पाचाचा अवयव आहे. मग बावन्न बिटांत बसणारी सर्वांत जवळची संख्या घ्यावी लागते आणि ०.१ म्हणून जे साठवले जाते ते एक दशांशाहून किंचित जास्त असते, इतके किंचित की पहिल्या एकानंतर सोळा शून्ये आल्यावर तो फरक दिसू लागतो.

हे मुलांना समजावण्यासाठी मराठी शाळेइतकी चांगली सामग्री क्वचितच कुठे असेल. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ केली. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, हे सगळे अपूर्णांक दोनाने किंवा चाराने भागून आलेले आहेत, म्हणून यातला प्रत्येक अपूर्णांक संगणक तंतोतंत साठवू शकतो, शेवटच्या बिटापर्यंत. जुना रुपया सोळा आण्यांचा होता आणि आणा चार पैशांचा, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. एक आणा म्हणजे ०.०६२५ रुपया, जुना एक पैसा म्हणजे ०.०१५६२५ रुपया, या दोन्ही संख्या यंत्राला पूर्ण झेपतात. पै मात्र झेपत नाही, कारण पैशाच्या तीन पै असत आणि तिथे तीनाचा अवयव आडवा येतो. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, माणसांना हिशेब सोपा झाला, आणि त्या वेळी कुणाच्या मनातही नसलेल्या यंत्रांना तो अवघड झाला. एक ते नव्याण्णव पैशांपैकी फक्त २५, ५० आणि ७५ पैसेच रुपयाचा अपूर्णांक म्हणून संगणकात तंतोतंत बसतात. उरलेल्या शहाण्णव रकमा थोड्या कमी किंवा थोड्या जास्त साठवल्या जातात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली आणि आज कायदेशीर असलेले पैशातले एकमेव नाणे पन्नास पैशांचे आहे, हा योगायोग गमतीचा आहे, पण बँकेच्या पासबुकात, विजेच्या बिलात आणि व्याजाच्या तक्त्यात सगळे शंभर पैसे अजून जिवंत आहेत.

इतक्या सूक्ष्म फरकाने काय बिघडते, असे कुणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. एका बेरजेत काहीच बिघडत नाही. पण १९ रुपये ९९ पैसे या रकमेचे पैसे करण्यासाठी पायथनमध्ये १९.९९ * १०० लिहिले तर १९९८.९९९९९९९९९९९९८ येते, आणि त्याचा पूर्णांक करायला सांगितले की यंत्र पुढचे सगळे छाटून १९९८ देते. एक पैसा गेला, कुठे गेला ते कळले नाही, आणि कुणी चोरलाही नाही. रोज हजारो व्यवहार करणाऱ्या प्रणालीत अशा पैशांनी ताळेबंद जुळत नाही आणि मग एखाद्या कारकुनाला रात्री उशिरापर्यंत बसून फरक शोधावा लागतो. पैशांपलीकडचे उदाहरण हवे असेल तर ते भयानक आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकचे स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या निवासावर पडले आणि २८ सैनिक मारले गेले. ते अडवण्यासाठी ठेवलेली पेट्रियट यंत्रणा वेळ दशांश सेकंदांत मोजत होती आणि त्या मोजणीचे सेकंद करण्यासाठी लागणारा एक दशांश हा अपूर्णांक चोवीस बिटांत तोडून ठेवलेला होता. दर मोजणीमागची चूक एका सेकंदाच्या कोटीच्या भागाइतकीही नव्हती. पण यंत्रणा सुमारे शंभर तास बंद न करता चालवली गेली होती, तेवढ्यात ही चूक साचून एक तृतीयांश सेकंदाच्या घरात गेली, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापते. यंत्रणेने आकाशात चुकीच्या जागी पाहिले. वर ज्या ०.१ वर मुले हसली, तोच हा ०.१.

राउंड ऑफ करण्याबद्दल तर आपल्याकडे जवळजवळ काहीच शिकवले जात नाही, आणि ते कायद्याशी थेट जोडलेले आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. शाळेत आपण शिकतो की अर्धा किंवा अर्ध्याहून जास्त असेल तर वरचा पूर्णांक घ्यायचा. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ याच्या कलम १७० मध्येही हेच आहे: कराच्या रकमेत पन्नास पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर रुपया पुरा करायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. आता पायथनला ११२.५ ही रक्कम राउंड करायला सांगून पाहावे. उत्तर ११२ येते. ११३.५ दिले तर ११४ येते. पायथनची तिसरी आवृत्ती बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जाते. नेहमी वर जाण्याने मोठ्या बेरजेत रक्कम फुगत जाते आणि ते टाळण्यासाठी हा नियम आहे, सांख्यिकीच्या दृष्टीने तो शहाणपणाचाही आहे. पण आपल्या कायद्याचा नियम तो नाही. एक्सेलमधले राउंडचे सूत्र ११३ देते, आणि त्याच एक्सेलच्या आत मॅक्रो लिहिण्याची जी भाषा आहे, तिचे राउंड मात्र पायथनप्रमाणे ११२ देते. ज्याने हे कधी ऐकलेच नाही तो पोरगा करसल्लागाराच्या कार्यालयात बसून बिलाचा प्रोग्रॅम लिहील, चाचणी म्हणून चार-सहा बिले काढून पाहील, ती सगळी बरोबर येतील, कारण नेमके पन्नास पैसे रोज येत नाहीत. त्यातच २.६७५ ही संख्या दोन स्थळांपर्यंत राउंड केली की पायथन २.६७ देते, आणि याचे कारण सम-विषमही नाही, तर २.६७५ मुळातच किंचित कमी साठवली गेलेली असते. ही दोन कारणे वेगळी आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

कधी राउंड करायचे हा त्याहून जुना प्रश्न आहे. तीन वस्तूंवर प्रत्येकी १० रुपये ४० पैसे कर आला आणि प्रत्येक ओळीला राउंड केले तर तीस रुपये होतात. बेरीज करून शेवटी एकदा केले तर ३१ रुपये २० पैशांचे ३१ होतात. आणि राउंड करणे म्हणजे छाटणे नव्हे, याचा सर्वांत बोलका पुरावा कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने दिला आहे. तिथे जानेवारी १९८२ मध्ये १,००० वर सुरू केलेला निर्देशांक दिवसातून हजारो वेळा नव्याने काढला जाई आणि प्रत्येक वेळी तीन दशांश स्थळांपुढचे आकडे राउंड न करता सरळ तोडले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो घसरत ५२४ च्या आसपास आला. बाजार काही एवढा पडलेला नव्हता. हिशेब दुरुस्त केल्यावर निर्देशांक १,०९८ च्या वर निघाला. पावणेदोन वर्षे गुंतवणूकदार जो पडता आकडा पाहत होते त्यात मंदी किती आणि छाटणी किती, हे मुलांना शाळेतल्या संगणकावर दहा ओळींत करून पाहता येईल.

उपाय अवघड नाहीत आणि तेही वर्गात शिकवण्याजोगे आहेत. पैसे रुपयांत न साठवता पैशांत, म्हणजे पूर्णांकात साठवावेत. पायथनचे पूर्णांक कितीही मोठे होऊ शकतात, तिथे तोडाफोडी होत नाही. दहा हजार रुपयांचा खर्च तीन घरांत वाटायचा असेल तर ३,३३३ रुपये ३३ पैसे तिघांना सांगून एक पैसा हवेत सोडण्यापेक्षा दहा लाख पैसे घ्यावेत, // ने प्रत्येकी ३,३३,३३३ पैसे काढावेत, % ने उरलेला १ पैसा कुणाच्या नावे जाणार ते नियमाने ठरवावे आणि तिन्ही रकमांची बेरीज पुन्हा दहा लाख येते की नाही याचा ताळा प्रोग्रॅममध्येच लिहावा. तक्त्यातल्या ज्या दोन चिन्हांवरून पुस्तक घाईने पुढे जाते, ती दोन चिन्हे किती कामाची आहेत हे इथे दिसते. दुसरा मार्ग म्हणजे पायथनमधला ‘डेसिमल’ हा प्रकार, जो आपल्यासारखाच दहाच्या पटीत हिशेब करतो आणि ज्याला राउंड करण्याचा नियमही आपण सांगू शकतो. एकच पथ्य आहे: रक्कम त्याला अवतरण चिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून द्यावी लागते, नुसती १९.९९ दिली तर बिघडलेली संख्याच आत जाते आणि ती तो अगदी इमानाने शेवटच्या स्थळापर्यंत जपतो.

संख्या कोणती आणि नुसता आकड्यांचा मजकूर कोणता, हा भेद शिकवण्यासाठी तर आपल्याला बाहेर जाण्याची गरजच नाही. नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतली तर ५४३२ - २३४५ = ३०८७, मग ८७३० - ०३७८ = ८३५२, मग ८५३२ - २३५८ = ६१७४. अंक सुटे करायला // आणि % लागतात, पुन्हा जोडायला दहाचे घात लागतात, म्हणजे पानभर तक्त्यातली जवळजवळ सगळी चिन्हे एकाच प्रोग्रॅममध्ये येतात. आता २१११ घ्यायला सांगावे. २१११ - १११२ चे उत्तर यंत्र ९९९ देते. कापरेकरांना ते ०९९९ असे हवे आहे. पुढचे शून्य विसरलेल्या प्रोग्रॅममध्ये ९९९ - ९९९ म्हणजे ० येते आणि खेळ संपतो; शून्य जपलेल्या प्रोग्रॅममध्ये ९९९० - ०९९९ = ८९९१, त्यापुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४.

हे शून्य शिष्यवृत्तीच्या याद्या भरणाऱ्या शिक्षकांना चांगले ओळखीचे आहे. शून्याने सुरू होणारा बँक खाते क्रमांक एक्सेलमध्ये टाकला की शून्य गळते, आणि क्रमांक सोळा अंकी असला तर शेवटचा अंक परस्पर शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच अंक धरून ठेवते. यादी परत येते, मुलाचे पैसे अडकतात आणि बोल शिक्षकाला लागतो. खाते क्रमांकाची कधी बेरीज होत नाही, सरासरी निघत नाही. तो मजकूर म्हणूनच ठेवायला हवा, एवढी एक गोष्ट सेवांतर्गत प्रशिक्षणात सांगितली गेली तरी बरेच हेलपाटे वाचतील. उलट बाजूनेही हाच भेद आडवा येतो. पायथनमध्ये वापरकर्त्याने टाइप केलेले ५ आणि ७ हे आधी मजकूर असतात, त्यांची ‘बेरीज’ ५७ होते, बारा होण्यासाठी त्यांना पूर्णांकात बदलावे लागते. हे बदलण्याचे काम पायथन देवनागरी अंकांवरही करते, ही बाब मराठी शाळांत कुणी सांगत नाही: वापरकर्त्याने १२५ असे देवनागरीत टाइप केले तरी पूर्णांक नीट मिळतो, फक्त प्रोग्रॅमच्या ओळीत थेट देवनागरी अंक लिहिलेले चालत नाहीत. तसेच मोठी संख्या वाचायला सोपी जावी म्हणून मध्ये खालची रेघ देण्याची सोय २०१६ पासून आहे आणि ती आपल्या लाख-कोटीच्या पद्धतीने दिली तरी चालते, तीन-तीन अंकांची सक्ती नाही.

हे सगळे शिकवायला नवे अनुदान लागत नाही. अंकगणिताच्या प्रकरणाला एका तासाऐवजी सहा-सात तास द्यावेत आणि त्यातले निम्मे गणिताच्या शिक्षकाने घ्यावेत, अशी माझी सूचना आहे. भागाकार, बाकी, आसन्न किंमत हे त्याचेच विषय आहेत आणि संगणक शिक्षकाला ते ओझे वाटण्याचे कारण नाही. परीक्षेत ‘// हे चिन्ह कशासाठी वापरतात’ या एका गुणाच्या प्रश्नाऐवजी, करातले पन्नास पैसे चुकवणारा पाच ओळींचा प्रोग्रॅम छापून तो कोणत्या रकमेला चुकेल असे विचारावे. पाठ्यपुस्तक मंडळाने पुढच्या आवृत्तीत दशांश संख्यांच्या पानावर ०.१ + ०.२ चे खरे उत्तर छापावे, गुळगुळीत ०.३ नको.

एक विनंती शाळेबाहेरच्यांनाही आहे. गावोगावच्या पतसंस्था, दूध संस्था आणि गृहनिर्माण संस्था आज हिशेबाचे सॉफ्टवेअर विकत घेतात, तेव्हा संचालक मंडळ किंमत, वार्षिक देखभाल आणि पावतीचा नमुना एवढेच पाहते. विक्रेत्याला त्याच बैठकीत आणखी दोन प्रश्न विचारावेत: रक्कम तुमच्या प्रणालीत पूर्णांक पैशांत साठवली जाते, डेसिमलमध्ये की साध्या दशांश संख्येत, आणि व्याजाची विभागणी करताना उरलेला पैसा कोणत्या खात्यात जातो. उत्तर लेखी घ्यावे आणि लेखापरीक्षकाला दाखवावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
वाई, जि. सातारा